धर्मादा खात्याची शिल्लक

हळदीच्या पेढीत पाऊल टाकले की आधी नाकाला कळते, मग शर्टाच्या बाह्यांना. २००२ साली माझी बदली सांगलीला झाली आणि मार्केट यार्डातील पेढ्यांच्या मालाची तपासणी माझ्याकडे आली. तेव्हापासून पांढरे शर्ट हा आमच्या घरातील वादाचा कायमचा विषय झाला. त्या पेढ्यांपैकी एका पेढीची ही हकिकत आहे. मालकांचे नाव देत नाही. बँकेत रुजू होताना गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे निवृत्तीने ती सही पुसली जात नाही. मी त्यांना शेटजी म्हणत असे. येथेही तसेच म्हणतो.

पेढीवर संगणक होता, पण तो मुलाचा. शेटजींचा भरवसा लाल कापडी बांधणीच्या वह्यांवर. दिवाळीच्या वहीपूजनात पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्रांची ऋद्धी मागितलेली. पुढे रोजमेळ, मग खतावणी. मला जुन्या पद्धतीच्या वह्या वाचण्याची हौस होती. मालाची मोजणी आटोपली की मी उगाचच पाने चाळत बसे. अशाच एका दुपारी खतावणीत ‘धर्मादा’ हे खाते दिसले. जमेच्या बाजूला लहान लहान रकमांची लांबलचक रांग, नावेच्या बाजूला मोजक्याच, पण मोठ्या रकमा, आणि खाली चांगली भक्कम शिल्लक.

आपल्या वाचकांना धर्मादा म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पण तरुण पिढीने ते बिलावर पाहिले असेलच असे नाही, म्हणून दोन वाक्ये लिहितो. मालाची किंमत, हमाली, तोलाई यांच्याखाली पोत्यामागे काही पैसे ‘धर्मादा’ म्हणून लावायचे, ही देशभरच्या बाजारपेठांची जुनी रीत. गिऱ्हाईक ते पैसे बिलाबरोबर देते, व्यापारी ते वेगळ्या खाती जमा करतो, आणि त्यातून पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा, अन्नछत्र अशी कामे होतात. शेटजींच्या वहीत त्याशेजारी ‘जीवदया’ हे आणखी एक स्वतंत्र खाते होते. दोन्हींचे पैसे एकमेकांत कधी मिसळलेले मला दिसले नाहीत.

दुपारची तपासणी लांबली की शेटजी जेवल्याशिवाय सोडत नसत. त्यांचे घराणे गुजराती श्वेतांबर, तीन पिढ्या सांगलीत. मी शिरोळकडच्या दिगंबर शेतकरी घरातला. त्यामुळे त्यांच्या डब्यात मला दोन मुलुख एकत्र भेटत. खाखऱ्यावर आपल्याकडची शेंगदाण्याची चटणी, अर्थात लसणाशिवाय, हिंग-जिऱ्याची. कधी डाळ-ढोकळी, तर कधी शेजारच्या शेतकऱ्याने दिलेल्या खपली गव्हाची गुळातली खीर. ती खीर त्यांच्या बा करत, आणि आमच्या आईइतकीच चांगली करत, हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली. भडंग तर सांगलीच्या पेढीवर असायचेच. टपोरे चुरमुरे, खरपूस शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट. लसूण गाळून केलेले. लसणाशिवाय भडंग म्हणजे मिठाशिवाय आमटी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी बांच्या हातचे खाल्लेले नाही.

एकदा शेटजी म्हणाले, “आज बांचे आयंबील आहे.” मी उत्साहाने म्हणालो, “मग मलाही वाटीभर द्या.” आमच्या घरी उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची आंबट-गार आंबील होत असे, मला वाटले तीच. तूप, तेल, दूध, गूळ, मसाला सारे वर्ज्य करून एकदाच रुक्ष अन्न घेण्याचे ते व्रत आहे, हे त्यांनी न हसता समजावून सांगितले. मुलगा मात्र आत जाऊन हसला. ओल्या हळदीचेही तसेच. आयुष्य हळदीच्या व्यापारात गेले, पण ओली हळद कंदमूळ म्हणून त्या घरात कधी शिजली नाही; वाळलेले हळकुंड चालते, जसे आले वर्ज्य आणि सुंठ चालते.

त्या काळी सांगलीची बरीच हळद हरिपूरच्या पेवांत राहत असे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ही जमीन पेवांसाठी नामांकित. खोल खणलेली, तोंड लहान आणि पोट मोठे अशी ती भुयारी कोठारे. माल भरून तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, कीड लागत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. आम्ही त्या मालाच्या तारणावर कर्ज देत असू. पेवाला एकच शत्रू, पाणी. आणि पेवे होती नदीकाठी.

२००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा चढत राहिली. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी मानतात. ती मागे पडून पाणी गावात शिरले, आणि हरिपूरच्या पेवांतही शिरले. पाणी ओसरल्यावर पेवांतून निघाला तो काळपट, आंबलेला लगदा. पुष्कळ पेढ्यांचे नुकसान झाले. शेटजींचा मोठा माल तेथेच होता, आणि पेवातल्या मालाचा विमा नुकसानीच्या मानाने नगण्य होता.

कर्जखाते कसे चालते ते व्यापारी घरांना ठाऊक आहे. माल घटला की उचल घेण्याची मर्यादा घटते, खाते मर्यादेबाहेर जाते, व्याज चढत राहते, आणि नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते. मी पेढीवर गेलो तेव्हा शेटजी नव्हते. मुलगा एकटा बसला होता. खतावणी समोर उघडीच होती. धर्मादा खात्याच्या शिल्लकेतून चार-पाच महिन्यांचे व्याज सहज भागले असते. मी त्याला म्हणालो, “ही रक्कम तात्पुरती फिरवा. खाते नियमित राहील. वर्षभरात परत जमा करा, कोणाला कळणारही नाही.”

हे माझे शब्द आहेत. सल्ला मी चांगल्या हेतूने दिला होता आणि पैशाला पैसा ओळखत नाही, हे मी वाणिज्य शाखेत शिकलो होतो. पण ‘कोणाला कळणारही नाही’ हे वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडी शोभणारे नव्हते. मुलाने ते संध्याकाळी वडिलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी शेटजी शाखेत आले. सोबत रुमालात बांधलेली भिजक्या हळदीची मूठ आणि कमी झालेल्या मालाचे विवरणपत्र, आम्ही मागण्याआधीच भरून आणलेले.

“साहेब,” ते म्हणाले, “ते पैसे माझे नाहीत.”

मी म्हणालो, “शेटजी, बँकेतले पैसेही आमचे नसतात. ठेवीदारांचे असतात. तरी आम्ही ते कर्जाने देतोच की.”

“देता. पण ठेवीदाराला ते ठाऊक असते, तुम्ही त्याला पावती देता. ज्यांच्या बिलातून हा धर्मादा आला, त्यांना विचारायला मी कुठे जाऊ? इरोडला? इंदूरला?”

यावर मला उत्तर नव्हते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन शब्द आहेत. खोटी कागदपत्रे करणे आणि दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेले गिळणे. लहानपणी बस्तीत पाठशाळेत मी ते घोकले होते. व्यापाऱ्याच्या आणि बँकवाल्याच्या धंद्याला इतके नेमके लागू पडणारे शब्द दुसरीकडे क्वचितच असतील; पण पाठ केलेले आणि वेळेला आठवलेले यांत अंतर असते.

धर्मादा खाते त्याच आठवड्यात रिकामे होऊ लागले. विश्रामबागच्या उंच भागात एका मंगल कार्यालयाच्या आवारात चुली पेटल्या. खर्च एकट्या शेटजींचा नव्हता. यार्डातल्या अनेक पेढ्यांनी आपापली धर्मादा खाती उघडली, कोणी तांदूळ दिला, कोणी तेलाचे डबे, हमालांनी पोती वाहिली आणि मजुरी घेतली नाही. जीवदया खात्यातून रस्त्यावर बांधलेल्या जनावरांसाठी कडबा आला. मुगाची खिचडी, पातळ आमटी, दशम्या. चातुर्मास असल्यामुळे पालेभाजीचा प्रश्न नव्हता, आणि पुरात ती मिळणारही नव्हती. एका दानशूराने बटाट्याची दहा पोती पाठवली. कंदमूळ! परत पाठवावीत तर अन्नाचा आणि देणाऱ्याचाही अपमान. शेटजींनी ती शेजारच्या गणेश मंडळाच्या स्वयंपाकघरात पाठवली. तिकडून तासाभरात तूरडाळ आली. त्या दोन स्वयंपाकघरांची ही देवघेव मग रोजचीच झाली.

खरा पेच सूर्यास्ताचा होता. नावांतून माणसे उतरत ती रात्री आठ-नऊपर्यंत; भिजलेली, सकाळपासून उपाशी. कार्यकर्त्यांत दोन तट पडले. रात्री चूल पेटवणे वयस्करांना मान्य नव्हते. उपाशी पोराला सकाळपर्यंत थांब म्हणणे तरुणांना मान्य नव्हते. दोघांचेही म्हणणे धर्माचेच होते. अनुकंपादानात पात्र-अपात्र पाहत नाहीत, हे महाराजसाहेबांच्या व्याख्यानात सर्वांनी ऐकलेले. पण तेथे वेळेविषयी काही सांगितले नव्हते. तोड बांनी काढली. दिवसाउजेडी मोठ्या कढयांत भडंग करायचे, शेंगा-गुळाच्या पुड्या आणि दशम्या बांधून ठेवायच्या. सूर्यास्ताला चूल विझेल. रात्री येईल त्याच्या हातात पुडी पडेल. खाणाऱ्याने केव्हा खावे हे त्याचे त्याने ठरवावे. मीही तीन संध्याकाळी पुड्या बांधल्या. गाठ सैल बसते म्हणून माझ्याकडून ते काम काढून घेऊन मला मोजणीला बसवले गेले.

आता बँकेची बाजू. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची पुनर्बांधणी करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत असते. त्यानुसार मी प्रस्ताव वर पाठवला. वरून शेरा आला: पेढीच्या वहीत धर्मादा नावाची शिल्लक असताना ती परतफेडीस न वापरता खर्च का होऊ दिली? म्हणजे माझाच सल्ला, सरकारी भाषेत, मलाच परत आला. शेटजींच्या सनदी लेखापालांनी मला एक निवाडा काढून दिला. बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली निर्णय दिला होता की, गिऱ्हाइकांकडून धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम हे व्यापाराचे उत्पन्नच नव्हे. हाती येते त्या क्षणापासूनच तिच्यावर धर्मकार्याचे बंधन असते. मी लिहिले की जी रक्कम कर्जदाराच्या मालकीचीच नाही, ती आपण मागू शकत नाही. मंजुरी आली. शेटजींनी यार्डाबाहेरचे एक गोदाम विकले आणि पुढच्या काही वर्षांत खाते फेडले.

धर्मादा न वापरल्याने त्यांची पत वाढली, असा हिशेब कोणी मांडू नये. पत आधीपासून होती, म्हणून तर पुरानंतरच्या हंगामात शेतकऱ्यांनी त्यांच्याकडेच हळद उतरवली. आणि सगळ्याच पेढ्या अशा असतात असेही मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाच्या पैशातून पाण्याची टाकी बांधून तीवर स्वतःच्या आजोबांचे नाव कोरलेलेही मी पाहिले आहे. ते दान खोटे नाही. पाटी मात्र चुकीची आहे. अलीकडे तर धर्मादा ही ओळच पुष्कळ बिलांवरून नाहीशी झाली आहे. लावून गिळण्यापेक्षा न लावलेला बरा, हे खरे; पण ज्या पेढ्या आजही लावतात, त्यांनी वर्षातून एकदा त्या खात्याची शिल्लक पाहावी आणि ती पेढीच्या खेळत्या भांडवलात विरघळलेली नाही ना, हे घरातल्या मुलांसमोर तपासावे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा २००५ पेक्षाही वर चढली. शेटजी तेव्हा हयात नव्हते. मी नुकताच निवृत्त झालो होतो. पुन्हा चुली पेटल्या, पुन्हा सूर्यास्तापूर्वी भडंगाच्या पुड्या. या वेळी बा खुर्चीवर बसून तिखटाचे प्रमाण सांगत होत्या. पाणी ओसरल्यावर मुलाने स्वयंपाकघराचा हिशेब डोळ्यांखालून घालायला मला पेढीवर बोलावले. लाल वह्या आता कपाटात गेल्या होत्या, हिशेब टॅलीत होता. नव्या हिशेबनिसाने धर्मादा खाते उत्पन्नाच्या गटात उघडले होते. मी चष्मा सावरून पडद्यावर बोट ठेवणार, तोच तो म्हणाला, “काका, ते मी कालच पाहिले. देण्यांच्या गटात टाकायला सांगितले आहे. तुम्ही खाली बघा, चुरमुऱ्याच्या पोत्यांचे बिल दोनदा लागले आहे का?”

दोनदाच लागले होते.