केस गळतात तेव्हा टाळूकडे पाहावे

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक असते आणि बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी भरमसाट गळतीही बहुधा आपोआप थांबते. मात्र गळतीबरोबर टाळूची आग, दुखरेपणा, पू किंवा केसांच्या मुळाशी लाली व खपल्या असतील, तर प्रश्न वेगळा असतो. काही दाहक विकारांत केसाच्या मुळाभोवतीची पिशवी, म्हणजे केशपुटक, व तिच्यातील मूळपेशी नष्ट होऊन तेथे व्रणऊतक तयार होते. त्वचा गुळगुळीत होते, केशरंध्रे दिसेनाशी होतात आणि तेथे केस पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच तेले बदलण्यात महिने घालवणे येथे फार महागात पडते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडयुक्त मलम तर बुरशीसंसर्गाचे रूपच झाकून टाकते. शिवाय मुलांच्या डोक्यातील गजकर्ण केसाच्या आत शिरलेले असल्याने त्यासाठी पोटातून औषध द्यावे लागते. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप या भिंगाने केशरंध्रे तपासतात आणि शंका उरल्यास टाळूचा सुमारे चार मिलिमीटरचा तुकडा बायोप्सीसाठी घेतात, तोही टक्कल पडलेल्या मध्यभागातून नव्हे, तर दाह चालू असलेल्या कडेवरून.