बॅटरीच्या गाड्या आणि राज्याचा फायदा



लागण नोंदीसाठी गटातून फिरताना एका सभासदाने आम्हाला बांधावरच विचारले, "साहेब, सरकार बॅटरीच्या गाड्यांना एवढ्या सवलती देतंय. माझा पोरगा फौंड्रीत इंजिनाचे भाग ओततो. त्याचं काय? आणि आपल्या इथेनॉलचं काय? यात राज्याचा फायदा तरी कोणता?" प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकात बेणे-खताऐवजी याच विषयाची फोड करू.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली विद्युत वाहन धोरण आणले. त्याची मुदत संपल्यावर २९ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने २०३० पर्यंतचे नवे धोरण मंजूर केले. त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. खरेदीला अनुदान, वाहनकरात माफी, अटल सेतू व समृद्धी महामार्गावर चारचाकी आणि बसगाड्यांना टोलमाफी, अशा त्यात सवलती आहेत. हा पैसा आपल्याच कराचा. तेव्हा बदल्यात काय मिळते, ते काट्यावर घालूनच पाहिले पाहिजे.

पहिला फायदा तेलाचा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. पेट्रोलवर खर्चलेल्या रुपयाचा मोठा हिस्सा बाहेर जातो. विजेवर खर्चलेला रुपया बराचसा देशातच फिरतो.

दुसरा फायदा कारखानदारीचा. मात्र येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. चाकणला तयार झालेली गाडी लखनौला विकली, तर तिच्या जीएसटीतला राज्याचा हिस्सा उत्तर प्रदेशाला जातो, आपल्याला नाही. मग आपल्याकडे काय उरते? कामगारांचा पगार, सुटे भाग करणाऱ्यांचा धंदा, वाहतूक, आजूबाजूची बाजारपेठ. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला. त्याची साखर गेली देशभर, पण उसाचा पैसा आणि मजुरी गावात राहिली. हिशोब तोच.

म्हणूनच गाडी कोठे जोडली, यापेक्षा तिचे भाग कोठे झाले याला महत्त्व आहे. ज्या आकुर्डीत जुनी चेतक स्कूटर बनत होती, तेथेच २०२२ पासून विजेच्या चेतकचा कारखाना चालू आहे. ही चांगली गोष्ट. परंतु विजेच्या गाडीत पिस्टन नाही, कार्बुरेटर नाही, सायलेन्सर नाही. कोल्हापूर, भोसरीच्या छोट्या कारखान्यांवर याचा ताण येणारच. त्या जागी मोटार, कंट्रोलर, चार्जर, बॅटरीची पेटी हे भाग येथेच बनले तर काम टिकेल. बॅटरीतले सेल अजून मुख्यतः चीनमधून येतात. सेल बाहेरचे, आपण नुसती जोडणी करायची, म्हणजे साखर दुसऱ्याची आणि आपण फक्त पोती शिवायची!

तिसरी गोष्ट करारांची. २०२४ साली एथर कंपनीने छत्रपती संभाजीनगरजवळ ऑरिक वसाहतीत २,००० कोटींहून अधिक गुंतवणुकीचा स्कूटर कारखाना जाहीर केला. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करने तेथेच सुमारे २०,००० कोटींचा करार केला. मराठवाड्याच्या दृष्टीने या मोठ्या गोष्टी आहेत. पण आम्ही ऊसवाले जाणतो, नोंद म्हणजे टनेज नव्हे. ऊस गव्हाणीत पडला की खरा. करारही तसाच मोजावा.

आता इथेनॉल. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. पेट्रोलच्या गाड्या एका हंगामात जाणार नाहीत, पण पेट्रोलचा खप घटला तर इथेनॉलची मागणीही घटेल, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला, बगॅसवर वीज करणारे कारखाने ती वीज विकतात, आणि बॅटरीच्या गाडीला वीजच लागते. म्हणून आसवनी आणि सहवीज, दोन्ही पाय मजबूत ठेवणे शहाणपणाचे.

त्या सभासदाला आम्ही एवढेच सांगितले, "पोराला फौंड्री सोडायला लावू नका. पण धाकट्याला आयटीआयला घालाल तेव्हा इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्सचा विचार जरूर करा." धोरणाचा फायदा राज्याला झाला की नाही, हे शेवटी आपल्या घरात येणाऱ्या पगारावरूनच कळणार आहे.