किरायाचे घर : काही व्यावहारिक गोष्टी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु घर बांधून पाहण्याचा योग येण्यापूर्वी बहुतेकांना आयुष्याची काही वर्षे दुसऱ्याच्या घरात काढावी लागतात. राळेगाव हे तालुक्याचे ठिकाण. तहसील, बँका, शाळा, महाविद्यालय यांमुळे बदलीवर आलेला नोकरदार येथे घर शोधतो. मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातले कुटुंब येथे बिऱ्हाड करते. दोघे-तिघे विद्यार्थी मिळून एखादी टिनाची खोली घेतात. आपल्या भागात याला 'किरायाने राहणे' म्हणतात. एवढी माणसे किरायाने राहत असूनही या व्यवहाराचे साधे नियम फार थोड्यांना ठाऊक असतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाव लहान असल्याने घरमालक आणि भाडेकरू बहुधा एकमेकांच्या ओळखीचे असतात. कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी गाववाला मध्ये असतो. साहजिकच सारे तोंडी ठरते. 'आपल्यात कागद कशाला?' असे दोघेही म्हणतात. वर्ष-दीड वर्ष सुरळीत जाते. पुढे मालकाच्या मुलाचे लग्न ठरते आणि त्याला खोली हवी असते, किंवा भाडे वाढवण्याची गोष्ट निघते. अशा वेळी अनामत दोन हजार दिली होती की तीन, विजेचे बिल भाड्यात धरले होते की वेगळे, यावर दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. यात कोणी लबाड असतोच असे नाही. माणसाची आठवणच तशी असते. परंतु विद्यार्थ्याच्या बाबतीत हा वाद नेमका परीक्षेच्या तोंडावर उभा राहिला, तर त्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

कायदा काय म्हणतो

घरभाड्याचे कायदे आपल्याकडे नवे नाहीत. मुंबई इलाख्यात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा होता. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा चालत असे. आपल्या विदर्भाला मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्या आदेशाचे एक वैशिष्ट्य होते. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. एकाच राज्यात असे तीन कायदे नांदत होते. ते सर्व एकत्र करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अंमलात आला. तेव्हापासून असे वाद दिवाणी न्यायालयात चालतात.

हा अधिनियम राज्यातील प्रत्येक खेड्याला सरसकट लागू नाही. तो ज्या क्षेत्रांना लागू आहे, ती त्याच्या परिशिष्टांत दिलेली आहेत आणि अधिसूचना काढून शासन त्यांत भर घालू शकते. तेव्हा वाद निर्माण झाल्यास आपली वस्ती त्यात येते की नाही, हे वकिलाकडून प्रथम पाहून घ्यावे. जेथे हा अधिनियम नाही, तेथेही भाडेकरू अगदीच उघड्यावर पडत नाही. तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागू होतो.

घर पाहताना

घर दिवसाउजेडी पाहावे आणि जमल्यास उन्हाळ्यात पाहावे. आपल्याकडचा एप्रिल-मे टिनाच्या छपराखाली कसा जातो, हे राहणाऱ्यालाच ठाऊक. कवेलूचे घर असल्यास पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरले जातात काय, हे विचारावे. भिंतीवर ओलीचे डाग आहेत काय, मोरीचे पाणी कोठे जाते, संडास स्वतंत्र की सामाईक, नळाला पाणी किती दिवसांनी व किती वेळ येते, उन्हाळ्यात विहीर किंवा बोअर आटते काय, हे सारे आधीच विचारून घ्यावे. या प्रश्नांची खरी उत्तरे शेजारीच देतात.

विजेचे मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून जोडणी आहे, हेही पाहावे. जोडणी असेल तर युनिटचा दर कसा धरणार ते ठरवून घ्यावे आणि राहायला येण्याच्या दिवशी मीटरवरचा आकडा दोघांच्या समक्ष लिहून ठेवावा. पसंती पडल्यावर इसार द्यावयाचा असेल, तर त्याचीही चिठ्ठी घ्यावी. घर देणारा मनुष्य स्वतः मालक आहे की केवळ देखरेख करणारा, एवढे तरी त्यापूर्वी विचारावे.

अकरा महिन्यांचा कागद

'अकरा महिन्यांचा करार' हा शब्द सर्वांनी ऐकलेला असतो. अकराच महिने का? १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत रूढ झाली. स्टँपपेपरवर सह्या केल्या की काम झाले, असा समज त्यातूनच पसरला. परंतु १९९९ चा अधिनियम जेथे लागू आहे, तेथे हा समज चुकीचा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा अनुज्ञप्तीचा करार, म्हणजे ज्याला व्यवहारात 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात तो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी मालकाच्याही हिताची आहे, ही गोष्ट त्याला नम्रपणे सांगता येते.

सही करण्यापूर्वी कागद भाडेपट्ट्याचा आहे की अनुज्ञप्तीचा, हे अवश्य वाचावे. दोहोंत मोठा फरक आहे. अनुज्ञप्तीची मुदत संपली की राहणाऱ्याने घर सोडावयाचे असते. न सोडल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. भाडेकरूला असलेले संरक्षण त्याला मिळत नाही.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : भाडे किती व कोणत्या तारखेला, अनामत किती व ती केव्हा परत, वीज, पाणी व घरटॅक्स कोणाकडे, घर सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगावयाचे, पंखे, दिवे, कुलपे अशा वस्तूंची यादी. विद्यार्थ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने केलेला करार १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे टिकत नाही. अशा वेळी वडिलांनी किंवा आईने सही करावी. खोलीत तिघे राहणार असतील तर तिघांचीही नावे घालावीत. नाहीतर एक जण खोली सोडून गेला की साऱ्या भाड्याचा भार दुसऱ्यावर पडतो.

पावती

भाडे दिले की पावती घ्यावी. याहून सोपा आणि याहून अधिक दुर्लक्षिला जाणारा नियम दुसरा नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. दुकानात आपण बिल घेतोच ना! मालक वयस्कर असून लिहिण्याचा कंटाळा करीत असतील, तर एक लहान वही करावी आणि दर महिन्याला तारीख व रक्कम लिहून त्यांची सही घ्यावी. बँकेतून वा मोबाईलवरून पैसे पाठवल्यास नोंद आपोआप राहते. मालकाने भाडे घेण्याचे नाकारले तरी भाडे थकू देऊ नये. ते त्याच्या खात्यात भरावे आणि तसे लेखी कळवावे.

दुरुस्ती, सोयी आणि भाडेवाढ

घर राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. छप्पर गळत असेल तर प्रथम तोंडी सांगावे, मग लेखी कळवावे. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नये. भाडे महिन्याला २,००० रुपये असेल तर वर्षाचे होतात २४,०००, म्हणजे मर्यादा ६,००० रुपयांची. गवंड्याच्या व सामानाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

भांडण झाले म्हणून नळ बंद करणे, वीज तोडणे हे प्रकार कायद्याला मान्य नाहीत. पाणी, वीज, सफाई या अत्यावश्यक सोयी होत. पुरेशा कारणाशिवाय त्या तोडल्यास भाडेकरू न्यायालयात दाद मागू शकतो आणि न्यायालय त्या पूर्ववत करण्याचा हुकूम देऊ शकते.

भाडेवाढीबाबत, या अधिनियमाखालील भाडेकरूच्या भाड्यात मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. २,००० रुपयांवर ही वाढ ८० रुपये होते. अनुज्ञप्तीच्या करारात मात्र जे लिहिले असेल तेच चालते. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू अधिनियम मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे सुचवले आहे. परंतु तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही.

'घर खाली करा' म्हटल्यावर

मालकाने असे म्हटल्यावर घाबरून रातोरात सामान हलवू नये आणि भांडायलाही उठू नये. १९९९ च्या अधिनियमाखालील भाडेकरू नियमाने भाडे देत असेल, तर ठरावीक कारणांवाचून त्याला काढता येत नाही. परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, घर सहा महिने विनाकारण न वापरणे, मालकाला स्वतःसाठी खरोखर गरज असणे ही त्यांपैकी काही कारणे. मालकाच्या गरजेच्या बाबतीतही कोणाची अडचण अधिक मोठी आहे, हे न्यायालय पाहते. भाडे थकले असल्यास मालकाला आधी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळव्याज व खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढे भाडे नियमित दिले, तर घर वाचू शकते.

जेथे हा अधिनियम नाही, तेथे महिन्याच्या भाडेकराराला १५ दिवसांची नोटीस पुरते. परंतु तेथेही मालकाने स्वतः कुलूप ठोकून सामान बाहेर काढणे बेकायदेशीरच. असा प्रकार घडल्यास १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा करता येतो. वकील देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतर गरजूंना उत्पन्नाच्या मर्यादेत, विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आपलीही काही कर्तव्ये

हक्क सांगताना कर्तव्ये विसरून चालणार नाही. भाडे वेळेवर द्यावे. भिंतीला मन मानेल तसे खिळे ठोकू नयेत. पाणी जपून वापरावे. रात्री उशिरापर्यंत मित्रांचा गलका करू नये. घरमालकीण घरात एकटी आजी असेल, तर तिला दळण आणून देण्याने आपले काही कमी होत नाही. घर सोडताना साफसफाई करून, वस्तूंची यादी ताडून, मीटरचा आकडा लिहून किल्ली द्यावी आणि अनामत परत मिळाल्याचा, तसेच काही बाकी नसल्याचा कागद दोघांनी सही करून ठेवावा.

कागदाने माणुसकी कमी होते असे अनेकांना वाटते. अनुभव उलट आहे. जेथे सारे लिहिलेले असते, तेथे भांडायला जागा उरत नाही. किती तरी विद्यार्थी शिक्षण संपवून गेल्यावरही दिवाळीला जुन्या घरमालकाकडे फराळाला येतात, ते हिशेब चोख राहिल्यामुळेच. तेव्हा पुढच्या सत्रात खोली शोधायला निघाल तेव्हा वही आणि पेन बरोबर असू द्या.