म्हातारा चिकू आणि बाऊजी
(ब्राझीलची वाट : भाग सातवा)

मनाउसचा धक्का आणि ॲमेझॉनवरच्या बोटी या आठवड्यात द्यायचे कबूल केले होते. ते आज नाही. बोट कुठे जात नाही, तुमच्या जागाही राखून ठेवल्या आहेत. पण तलासरीहून एक पत्र आले आणि माझा पाय घसरला.

पत्र एका शिक्षिकेचे आहे. नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, असे तिघे डिसेंबरात निघायच्या विचारात आहेत. पिवळ्या तापाच्या लशीचे त्यांनी मनावर घेतलेले दिसते. आता विचारतात, "मुलगी दोन महिने मोबाइलवर स्पॅनिश शिकते आहे, तेवढ्यावर भागेल ना? आम्हा दोघांना तर काहीच येत नाही."

बाई, दोन्ही बाबतींत गडबड आहे. मुलीचे स्पॅनिश तिथे अर्धेमुर्धेच चालेल. आणि तुम्हा दोघांना काहीच येत नाही, हे मला मुळीच मान्य नाही.

दक्षिण अमेरिका म्हणजे स्पॅनिश, असे आपल्या डोक्यात बसलेले असते. ब्राझीलच्या बहुतेक शेजाऱ्यांपुरते ते खरेही आहे. पण १४९४ साली तोर्देसिलास गावी स्पेन आणि पोर्तुगाल यांनी समुद्रावर एक उभी रेघ ओढून न पाहिलेली जमीन आपसांत वाटून घेतली, आणि त्या रेघेच्या पूर्वेला दक्षिण अमेरिकेचा फुगवटा आला. सहा वर्षांनी काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी तेरा जहाजे घेऊन लिस्बनहून निघाला. कुठे? तर आपल्याकडे, कालिकतला. वारा धरायला पश्चिमेकडे फार झुकला आणि २२ एप्रिल १५०० रोजी त्याला ब्राझीलचा किनारा दिसला. थोडे दिवस थांबून गडी पुन्हा भारताच्या वाटेला लागला आणि सप्टेंबरात कालिकतला पोचला. म्हणजे ब्राझील ही भारताच्या वाटेवर लागलेली जागा आहे. आपण तीच वाट उलटी धरतो आहोत, एवढेच.

आता आपल्या बाजूचे बघा. वसई, तारापूर, डहाणू, दमण हा सगळा पट्टा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये डहाणू सुटले, त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. तलासरीहून तासा-दीड तासावरचे दमण मात्र १९६१ च्या डिसेंबरापर्यंत त्यांच्याकडेच होते, आणि तिथल्या काही ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाची बोली आजही बोलतात. साहेब गेले, शब्द राहिले. ते सगळे डहाणूच्या किल्ल्यातूनच उतरले असे नाही. गोवा, वसई, चौल, जिथून मिळाले तिथून मराठीने घेतले. बारदेशातल्या आसगावचे मोन्सिन्योर डाल्गादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांची मोजदाद करून १९१३ मध्ये पुस्तक काढले. पुढे बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत त्याचे इंग्रजी भाषांतर आले. माझी प्रत खिळखिळी झाली आहे. तिची पाने आणि ब्राझीलची तिकिटे एकाच पिशवीत असतात, यावरून घरात बोलणीही खावी लागतात.

तर तुमच्याकडे काय काय आहे? चावी आहे. बादली आहे. पाव, बटाटा, फीत, लिलाव, मेस्त्री, व्हरांडा आहे. नाताळ आहे. पगारसुद्धा आहे, पण तो जरा जपून वापरा. तिथे 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ पैसे चुकते करणे. आपण पगार घेतो, ते पगार करतात. जेवण झाल्यावर हॉटेलवाल्याला खुशाल 'पगार' म्हणा. तो बिल आणेल.

अडचण उच्चाराची आहे. लिस्बनची पोर्तुगीज तोंडातल्या तोंडात बोलतात, ब्राझीलची तोंड भरून. शब्दाच्या सुरुवातीचा 'र' तिथे 'ह' होतो. रिओला ते 'हिउ' म्हणतात, रेसिफेला 'हेसीफि'. शेवटचा 'ल' विरघळून 'उ' होतो, म्हणून त्यांचा देश 'ब्राझिउ' आणि नाणे 'हेआउ'. शेवटी 'दे' आला की 'जी' म्हणायचे, 'ते' आला की 'ची'. 'च' लिहिलेला दिसला की 'श'. चावी म्हणजे 'शावी'. पाव म्हणजे 'पाँउ', नाकात. हे नाकातले काम मराठी माणसाला जड जाऊ नये.

साल्वादोरच्या एका साध्या हॉटेलात पहिल्या रात्री मला आंघोळीला बादली हवी होती. शॉवर होता, पण साठीच्या माणसाची सवय. काउंटरवरच्या पोराला 'बादली' म्हणून पाहिले, 'बाल्दी' म्हणून पाहिले, हाताने आकार काढून दाखवला. त्याने आधी फुलदाणी आणली, मग कचऱ्याचा डबा. मूळ शब्द 'बाल्दे' हे मला ठाऊक होते. पण ब्राझीलच्या तोंडात मधला 'ल' 'उ' होतो आणि 'दे'चा 'जी', हे दोन नियम एकदम लावायला रात्रीचे अकरा वाजले. 'बाऊजी!' मी ओरडलो. पोरगा हसला, आतून निळी प्लास्टिकची बादली घेऊन आला. आमच्या डहाणूच्या पारनाक्यावर कुणा वडीलधाऱ्या मारवाडी गृहस्थाला हाक मारावी, तसा तो शब्द होता.

त्याच शहरात बोंफिमचे चर्च आहे. तिथल्या लोखंडी कठड्यावर हजारो रंगीत फिती बांधलेल्या असतात. त्यांना ते 'फिता' म्हणतात, म्हणजे आपली फीतच. मनगटाला बांधताना तीन गाठी मारायच्या, गाठीगणिक एक मागणे, आणि फीत आपोआप तुटेपर्यंत सोडायची नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नवस बोलणाऱ्याला यात काही समजावून सांगावे लागत नाही.

एक शब्द मात्र मला तिथे फार लागला. तुरुंग. मूळ 'त्रोंकू', म्हणजे झाडाचा बुंधा. एका जुन्या वाड्याच्या संग्रहालयात जाड लाकडाचे दोन ओंडके एकमेकांवर बसवलेले होते, मध्ये पायांसाठी आणि मानेसाठी भोके. खाली पाटी : त्रोंकू. गुलामांना त्यात अडकवून फटके मारत. ब्राझीलने गुलामी १३ मे १८८८ रोजी कायद्याने संपवली, त्या गोलार्धात सगळ्यांत शेवटी. लाकडाच्या खोड्यावरून कैदखान्याचे नाव पडले आणि ते आपल्या तोंडी रुळले, हे मी पुस्तकात वाचले होते. पण भोकांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या पाहिल्यानंतर तो शब्द मला पूर्वीसारखा सहज उच्चारता येत नाही.

असो. आता फळांकडे येतो. तुम्ही वाडीवाली माणसे, आणि नेमकी तिथेच ठेच लागणार आहे.

चावी, बादली, फीत या पोर्तुगीजांनी स्वतः जहाजातून नेलेल्या वस्तू. त्यांची नावे त्यांनी दोन्हीकडे दिली, ती टिकली. फळे जमिनीतून येतात, आणि जमीन ज्याची, नाव त्याचे. ब्राझीलच्या किनाऱ्यावर तुपी लोक होते. फळांची नावे बरीचशी त्यांची. 'अननस' हा मुळात त्यांच्याच बोलीतला, तो पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला. गंमत अशी की ब्राझीलने पुढे तो सोडून दिला आणि तुपींचाच दुसरा शब्द धरला, 'अबाकाशी'. अवघड, कटकटीच्या कामालाही तिथे अबाकाशी म्हणतात, ते निस्तरणे म्हणजे अबाकाशी सोलणे. पपई मागाल तर मिळेल, पण छोटी. मोठीचे नाव 'मामाँउ'. कोबीसाठी 'कोवि' म्हणाल तर हिरवी रुंद पाने हातात पडतील, गड्डा नाही, गड्डा 'हेपोल्यु'. आंबा 'मांगा' आणि फणस 'जाका', हे दोन्ही मल्याळी किनाऱ्यावरून गेलेले. रिओच्या डोक्यावरच्या तिजुकाच्या जंगलात फणस इतका माजला आहे की मूळच्या झाडांना जागा पुरेना म्हणून वनखाते त्याला शत्रू मानते. फणसाची भाजी आठवत मी त्या झाडांखालून निमूट चाललो.

सगळ्यांत मोठा धोका पेरूचा. तो शब्द मराठीत नासपतीच्या 'पेरा'वरून आला असे एक मत, देशाच्या नावावरून आला असे दुसरे. कसाही आलेला असो, ब्राझीलच्या हॉटेलात पेरू मागू नका. 'पेरु' म्हणजे टर्की कोंबडी. डहाणूचे एक गुजराती कुटुंब बरोबर होते, कट्टर शाकाहारी. त्यांच्या काकींनी बशीकडे बोट दाखवून हौसेने 'पेरू, पेरू' केले, तेव्हा वाढणाऱ्याने पातळ गुलाबी काप उचलले. मी टेबलाला धडकत मध्ये पडलो. आपला पेरू तिथे 'गोयाबा'. शाकाहाऱ्यांनी आणखी एक पाठ करावे : 'सेंइ कार्नि', म्हणजे मांस नको, एवढ्याने काम होत नाही, कारण कार्नि म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः गोमांस. कोंबडी ('फ्रांगु') आणि मासा ('पेइशि') वेगवेगळे सांगून नाकारावे लागतात. घेवड्याची उसळ दिसायला आपल्यासारखी, पण तिच्यातही डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो, विचारा. किलोवर जेवण देणारी हॉटेले शोधा. भात, सॅलड, भाज्या स्वतः वाढून घ्यायच्या आणि ताट काट्यावर ठेवायचे.

आणि चिकू?

घोलवड-बोर्डीच्या किती वाचकांनी हे विचारले म्हणून सांगू! आपल्याकडे चिकूचे रोप पहिल्यांदा १८९८ मध्ये घोलवडला लागले, असे फळबागांच्या पुस्तकांत वाचायला मिळते. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. झाड मात्र मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे, आणि नाव स्पॅनिशांच्या वाटेने आलेले. म्हणून ब्राझीलमध्ये 'चिकू' म्हटले तर कुणी फळ आणून देणार नाही. 'शिकु' हे तिथे फ्रान्सिस्कुचे लाडाचे नाव आहे. बाजारात मी चिकू चिकू करत फिरलो, तेव्हा भाजीवालीने मागच्या गाळ्यातल्या माणसाला हाक मारली. तो आला. त्याचे नाव फ्रान्सिस्कु होते. पूर्व ब्राझीलमधून वाहणारी साँउ फ्रान्सिस्कु नदी जवळजवळ २,८०० किलोमीटरची. काठचे लोक तिला प्रेमाने 'वेल्यु शिकु' म्हणतात. शब्दशः, म्हातारा चिकू.

फळाचे नाव 'सापोची', लिहिताना सापोती. रेसिफेकडे हमखास मिळते. आंजेला मारिया नावाच्या गायिकेला राष्ट्राध्यक्ष वार्गास यांनी हेच टोपणनाव दिले : आवाज सापोतीसारखा गोड, रंगही तसाच. ते तिला जन्मभर चिकटले. रेसिफेचा सापोती मी खाल्ला. वाईट नव्हता. डहाणूच्या इराणी रोडवर वाढलेल्या माणसाने याहून जास्त बोलू नये.

एका फळाने मात्र दगा दिला नाही. काजू. तुपींचा शब्द, पोर्तुगीजांनी उचलला, आपण उचलला, आणि ब्राझीलनेही टाकला नाही. तिथे 'काजु' म्हटले की आधी बोंड डोळ्यांपुढे येते, बी नंतर. रस काढून रोज पितात. आपण बी घेतो आणि बोंडाकडे नाक मुरडतो, गोवेकर सोडून.

म्हणून बाई, पत्रातल्या तुमच्या आराखड्यात एक फेरफार सुचवतो. रिओ, इग्वासूचा धबधबा आणि मनाउस या त्रिकोणात बारा दिवस विमानतळांवरच जातात; रिओहून मनाउस हेच चार तासांचे उड्डाण. इग्वासू ठेवा. मनाउस पुढच्या खेपेला ठेवलेत तरी चालेल (हे मनाउसच्या लेखाआधी सांगणे वेडेपणाचे आहे, कळते मला). त्याऐवजी ईशान्य किनाऱ्यावर जा, नाताळला. हो, शहराचेच नाव नाताळ, कारण २५ डिसेंबर १५९९ रोजी ते वसले. उच्चार 'नाताउ'. तुम्ही डिसेंबरातच जाताय, हे उत्तम, कारण तिथला पाऊस एप्रिल ते जुलै असतो. शहराच्या दक्षिणेला पिरांजी गावात काजूचे एकच झाड दोन एकरांच्या आसपास पसरलेले आहे. त्याच्या फांद्या स्वतःच्या भाराने जमिनीला टेकतात, टेकल्या जागी मुळे धरतात आणि पुन्हा वर निघतात, वडाच्या पारंब्यांचे काम काजूने फांद्यांनी करावे तसे. १९९४ मध्ये गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आत लाकडी पायवाट आहे. अर्धा तास चाललात तरी एकाच झाडाखाली असता. फळांच्या दिवसांत बोंडांचा वास सगळीकडे भरलेला असतो.

मुलीला सांगा, स्पॅनिश बंद करू नकोस. त्याच मोबाइलवर ब्राझीलची पोर्तुगीज असे निवड, लिस्बनची नको. आभार मानताना ती 'ओब्रिगादा' म्हणेल, तिचे वडील 'ओब्रिगादु'. मी येते, मी येतो, तसेच.

मनाउस पुढच्या शनिवारी, नक्की. बोटीत झोपायला खाटा कमी आणि दोरावर टांगलेल्या झोळ्या जास्त, आणि झोळी ज्याची त्याने आणायची असते. तिला पोर्तुगीजमध्ये 'रेदे' म्हणतात. उच्चार कसा होईल, ते आता तुम्हीच सांगा.