वाढतें वय आणि मुखलेपांची निवड

दिवाळीच्या फराळाची यादी करावी, तशी चेहऱ्यास लावावयाच्या औषधांची यादी हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून होऊं लागली आहे. सकाळीं ‘क’ जीवनसत्त्वाचें सीरम, त्यावर नायसिनामाइड, रात्रीं रेटिनॉल, एक दिवसाआड ग्लायकॉलिक आम्ल, आणि शिवाय कोणी नातलगानें परदेशांतून आणलेली एखादी कुपी, असा हा संसार वाढत जातो. यांतील प्रत्येक पदार्थाच्या गुणास कांहीं ना कांहीं शास्त्रीय आधार आहे. परंतु पांच गुणवान माणसें एका खोलींत कोंडलीं म्हणजे घर सुखाचें होतेंच असें नाहीं, तसेंच या द्रव्यांचेंहि आहे. कोणतें द्रव्य कशासाठीं, कोणत्या वेळीं व कोणाच्या शेजारीं ठेवावें याचा विचार न केल्यास पैसा तर जातोच, पण चेहरा भाजून काळवंडतो आणि मूळची सुरकुतीच बरी होती असें म्हणण्याची पाळी येते.

उतारवयांत ही उठाठेव हवीच कशाला, असा प्रश्न कांहीं वडीलधारी मंडळी करतील. वार्धक्य हा रोग नव्हे, आणि कोणताहि लेप तें टाळूं शकत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दांत आणि डोळे यांची निगा राखणें जर विलास नव्हे, तर त्वचेचीच निगा विलास कां समजावी? ती शरीराचें कवच आहे. वयपरत्वें ती कोरडी व पातळ होते, खाजते, लवकर फाटते. म्हणून आम्ही येथें सौंदर्याची नव्हे, तर आरोग्याची बाजू प्रामुख्यानें मांडीत आहों.

त्वचा जुनी होण्याचीं कारणें दोन. पहिलें आंतील: त्वचेच्या खालच्या थरांत कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे जे तंतू तिला ताठपणा देतात, त्यांची निर्मिती वयाबरोबर मंदावते. दुसरें बाहेरील, आणि तें म्हणजे ऊन. उन्हांतील अतिनील किरणांपैकीं ‘बी’ जातीचे किरण वरच्या थरास भाजतात. ‘ए’ जातीचे किरण खोल शिरून कोलॅजेनचा नाश घडवितात व खिडकीच्या कांचेंतूनहि आंत येतात. २०१२ सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें एका ६९ वर्षांच्या अमेरिकन मालमोटार-चालकाचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. त्यानें २८ वर्षें गाडी हांकली होती. तिकडे चालक डाव्या बाजूस बसतो; म्हणून खिडकीकडील त्याच्या डाव्या गालावर खोल वळ्या व गांठी दिसत होत्या, आणि उजवा गाल त्या मानानें पुष्कळ तरुण होता. चेहरा एकच, वयहि एकच. फरक केवळ उन्हाचा.

आपल्या सांवळ्या वर्णांत मेलॅनिन अधिक असल्यामुळें सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षां उशिरां पडतात, हें आपलें भाग्य. पण त्याच मेलॅनिनमुळें डाग, वांग व वर्णाचा असमानपणा आपल्याकडे अधिक दिसतो. शिवाय त्वचेची आग झाली किंवा ती सोलली गेली, कीं त्या जागीं उरणारा काळेपणा कित्येक महिने जात नाहीं. पाश्चात्य पुस्तकांतील उपचार जसेच्या तसे उचलतां येत नाहींत, याचें कारण हें. तिकडे थोडी आग सोसून पुढें जातात. आपल्याकडे आगच नव्या डागाचें मूळ ठरते. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रावर आधारलेलें आहे.

पहिला मान सनस्क्रीनचा. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलँडमधील नॅम्बर येथें १९९२ ते १९९६ या काळांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचा त्वचेच्या वार्धक्याविषयींचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. ५५ वर्षांखालील ९०३ माणसांपैकीं एका गटास रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितलें, व दुसऱ्या गटास आपल्या मर्जीप्रमाणें वागूं दिलें. साडेचार वर्षांनंतर पहिल्या गटाची त्वचा दुसऱ्या गटापेक्षां २४ टक्क्यांनीं कमी जून झालेली आढळली. त्यांत कोठलेंहि महागडें सीरम नव्हतें. डबीवर ‘एसपीएफ’ म्हणून जो आंकडा असतो, तो मुख्यतः ‘बी’ किरणांविषयीं सांगतो. म्हणून ‘ए’ किरणांपासूनहि रक्षण करणारें, किमान ३० आंकड्याचें सनस्क्रीन निवडावें. हा आंकडा दर चौरस सेंटिमीटरास दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन ठरवितात. आपण बोटाच्या टोकावर घेतों त्या थेंबानें तो आंकडा गांठला जात नाहीं. चेहरा व मान मिळून तर्जनी व मधलें बोट यांच्या लांबीभर घ्यावें, आणि उन्हांत असतांना दर दोन तासांनीं पुन्हां लावावें. ज्यांना वांग आहे त्यांस नुसते अतिनील किरणच नव्हे, तर दृश्य प्रकाशहि बाधतो. त्यांनीं लोहाचे ऑक्साइड घातलेलें रंगीत सनस्क्रीन पसंत करावें. छत्री, पदर व टोपी यांचें महत्त्व मात्र कोणत्याहि शोधानें कमी झालेलें नाहीं.

दुसरा मान ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळाचा. यांतील सर्वांत प्रबळ द्रव्य ट्रेटिनॉइन. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनीं १९६९ सालीं तें मुरुमांसाठीं पुढें आणलें, आणि उन्हानें जून झालेल्या त्वचेवरील त्याच्या गुणाविषयीं १९८६ सालीं लिहिलें. १९८८ सालीं मिशिगन येथील वैद्यांनीं एका बाजूस औषध व दुसऱ्या बाजूस नुसता मलम लावून, कोठें काय लावलें हें गुप्त राखून तो गुण पडताळला. या इतिहासाची काळी बाजूहि सांगितली पाहिजे: क्लिगमन यांनीं होम्सबर्ग तुरुंगांतील कैद्यांवर १९५१ ते १९७४ पर्यंत प्रयोग केले, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेनें त्याबद्दल २०२१ सालीं क्षमा मागितली. ज्या कुपीकडे आपण प्रसाधन म्हणून पाहतों, तिच्यामागें अशा असहाय माणसांचें देणें आहे हें विसरूं नये.

ट्रेटिनॉइन वैद्याच्या चिठ्ठीनेंच घ्यावें. दुकानांत सहज मिळतें तें रेटिनॉल. त्वचेंत त्याचें प्रथम रेटिनाल्डिहाइड व मग रेटिनॉइक आम्ल, म्हणजेच ट्रेटिनॉइन, होतें. वाटेंत बरेंच द्रव्य खर्ची पडत असल्यानें त्याचा गुण सौम्य व सांवकाश असतो. सौम्य असलें तरी तें निष्फळ नव्हे: २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सरासरी ८७ वर्षें वयाच्या ३६ वृद्धांच्या दंडांवर ०.४ टक्का रेटिनॉल २४ आठवडे लावलें, तेव्हां बारीक सुरकुत्या कमी झाल्या. म्हणजे उशीर झाला असें म्हणण्यास फारशी जागा नाहीं. हीं द्रव्यें रात्रींच, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, संपूर्ण चेहऱ्यास मिळून वाटाण्याएवढींच लावावीं. आरंभीं आठवड्यांतून दोन रात्री पुरेत. त्वचा सोसूं लागल्यावर हळूहळू वाढवावें. आग होत असल्यास आधीं मॉइश्चरायझर लावून मग औषध लावावें. फळ दिसण्यास तीन महिने तरी धीर धरावा. गर्भवती स्त्रियांनीं व अपत्याची इच्छा असणाऱ्यांनीं या कुळापासून दूर राहावें.

तिसरें ‘क’ जीवनसत्त्व. अतिनील किरणांनीं त्वचेंत जीं विध्वंसक रसायनें निर्माण होतात, त्यांस तें शमवितें. तें त्वचेंत मुरण्यासाठीं द्रावण बरेंच आम्ल असावें लागतें. ड्यूक विद्यापीठांतील शेल्डन पिनेल व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं डुकरांच्या त्वचेवर दाखविलें कीं, पीएच ३.५ च्या खालीं असल्यासच तें नीट शिरतें, आणि २० टक्क्यांपलीकडे प्रमाण वाढवून लाभ होत नाहीं. त्यांच्याच गटानें २००५ सालीं दाखविलें कीं, १५ टक्के ‘क’ व १ टक्का ‘ई’ जीवनसत्त्वांत अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातल्यास किरणांपासून होणारें रक्षण चौपटीवरून आठपटीवर जातें. योग्य संगतीनें गुण वाढतो, याचें हें उत्तम उदाहरण. तें सकाळीं, सनस्क्रीनच्या खालीं लावावें. हवा व उजेड यांनीं तें बिघडतें. म्हणून गडद रंगाची लहान कुपी घ्यावी, व द्रावण तपकिरी झालें कीं लोभ न धरतां टाकून द्यावें.

चौथें नायसिनामाइड, हें ‘ब’ गटांतील. स्वभावानें तें शांत असून त्वचेचें बाह्य आवरण बळकट करतें. २००५ सालच्या एका अभ्यासांत ५ टक्के नायसिनामाइडनें बारा आठवड्यांत सुरकुत्या व डाग यांत घट दिसली. ‘क’ जीवनसत्त्वाशीं त्याचें वैर आहे ही समजूत अजून ऐकूं येते. पण आजच्या तयार लेपांच्या बाबतींत तिची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. रेटिनॉलच्या सोबतीस तर तें फार चांगलें. ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांनीं आरंभ याच्यापासूनच करावा.

पांचवें कुळ फलाम्लांचें: उसांतील ग्लायकॉलिक व दह्यांतील लॅक्टिक आम्ल. १९७४ सालीं व्हॅन स्कॉट व यू यांनीं त्यांचा औषधी उपयोग प्रथम दाखविला. तीं मृत पेशींची वीण सैल करून त्वचा तकतकीत करतात. पण त्यामुळें ऊन अधिक बाधतें. आठवड्यांतून एखादी रात्र पुरे. येथेंच घरगुती लिंबाचाहि उल्लेख करावयास हवा. लिंबाचा रस फार तीव्र असतो, आणि त्याच्या सालींतील द्रव्यांवर ऊन पडल्यास फोड येऊन काळे चट्टे राहतात. वरणावर पिळलेलें लिंबू उत्तम. चेहऱ्यावर तें नको.

आतां यांची जुळणी. सकाळीं साध्या पाण्यानें किंवा सौम्य साबणानें चेहरा धुऊन ‘क’ जीवनसत्त्व, मग मॉइश्चरायझर, आणि सर्वांत शेवटीं सनस्क्रीन. रात्रीं रेटिनॉल व त्यावर मॉइश्चरायझर. नायसिनामाइड दोन्हींपैकीं कोणत्याहि वेळीं चालतें. ज्या रात्रीं फलाम्ल, त्या रात्रीं रेटिनॉल नाहीं. मुरुमांसाठीं बेंझॉइल पेरॉक्साइड वापरीत असल्यास तें ट्रेटिनॉइनबरोबर लावूं नये, कारण तें त्याचें विघटन करतें. लेप पातळापासून घट्टाकडे या क्रमानें लावावे. नवें द्रव्य एका वेळीं एकच आणावें. तें आधीं कानामागें किंवा कोपराच्या आंतील बाजूस आठवडाभर लावून पाहावें, आणि महिनाभर सोसल्याशिवाय दुसऱ्यास हात घालूं नये. तीन द्रव्यें एकदम सुरू केलीं आणि चेहरा लाल झाला, तर अपराधी कोण हें वैद्यालाहि सांगतां येत नाहीं.

खरा धोका मात्र या पांचांत नाहीं. तो आठ दिवसांत गोरेपण देणाऱ्या निनांवी डब्यांत आहे. त्यांतील कित्येकांत स्टेरॉइड असतें. त्यानें आरंभीं चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, शिरा दिसूं लागतात, केस उगवतात, आणि लेप थांबवितांच आग भडकते. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा अनेक लेपांच्या विक्रीस वैद्याची चिठ्ठी आवश्यक केली. कांहीं डब्यांत पारा सांपडतो. केरळांत मलप्पुरम जिल्ह्यांतील कोट्टक्कल येथें २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण आढळले. त्यांपैकीं १३ जण गोरेपणाचीं क्रीमें वापरीत होते. चेहऱ्याच्या रंगासाठीं मूत्रपिंड गहाण टाकणें हा कसला सौदा? उपवर मुलीच्या वर्णाची चर्चा जोंवर आपल्या बैठकींतून होत आहे, तोंवर असल्या डब्यांना गिऱ्हाईक मिळणारच, हेंहि आपण लक्षांत घेतलें पाहिजे. ज्या डबीवर उत्पादकाचें नांव, परवान्याचा क्रमांक व घटकांची यादी नाहीं, ती घरांत येऊं देऊं नये.

ज्यांस खर्च बेताचाच करावयाचा आहे, त्यांनीं सनस्क्रीन व ग्लिसरीनयुक्त साधें मॉइश्चरायझर एवढींच घ्यावीं. पुढें जमल्यास रात्रींचें रेटिनॉल जोडावें. तंबाखूचें धूम्रपान सोडणें हा उपाय तर फुकटचा आहे, आणि त्याच्या इतका गुण पुष्कळ महाग कुप्यांत नाहीं. एखादा तीळ वाढूं लागला, त्याचा रंग बदलला किंवा जखम महिनाभर भरली नाहीं, तर लेप बाजूस ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. वयाचे डाग म्हणून ज्याकडे दुर्लक्ष होतें, त्यांतच कधीं कधीं गंभीर व्याधि दडलेली असते, आणि ती वेळेवर कळली तर बहुधा बरी होते.