शिवरात्रीची उसळ आणि वजनकाटा

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधलं अडखळणं काढून टाकलंय.

मी औंढा नागनाथचा. ज्योतिर्लिंगाचं गाव, त्यामुळे महाशिवरात्र आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. यात्रा, दर्शनाची लांबच लांब रांग, घरात पाहुणे आणि चुलीवर साबुदाण्याची उसळ. (पुण्यात हिला खिचडी म्हणतात. म्हणू द्या.) सोबत भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, कवठाची चटणी. दुसऱ्या दिवशी पारण्याला पुरणपोळी.

वडिलांना शुगर आहे. माझं वजन वाढायला लागलं तेव्हा भीती वाटली, म्हणून मोबाईलवर कॅलरी मोजायला लागलो. फायदा झाला, नाही म्हणत नाही. आठ महिन्यांत नऊ किलो उतरले. पण त्या वर्षी शिवरात्रीला गावी गेलो तो बॅगेत छोटा डिजिटल काटा घेऊन. आजीनं वाढलेली वाटी मी त्या काट्यावर ठेवली. आजी बघत राहिली आणि म्हणाली, "सोनं तोलायलास का रे?"

सगळे हसले, मीपण हसलो. पण नंतर आजी मला वाढायच्या आधी प्रत्येक वेळी विचारायला लागली, "हे चालतं का तुला?" आपल्याच घरात आपण पाहुणे झालो की असं विचारतात.

आता त्या वाटीत काय होतं ते बघू, कारण मोजणं चूक नव्हतंच. एक ताट उसळ म्हणजे साधारण 60 ग्रॅम कोरडा साबुदाणा, त्याच्या 210 कॅलरी. 25 ग्रॅम दाण्याचा कूट, 140 च्या आसपास. तेल-तूप 15 ग्रॅम, 135. अर्धा बटाटा, 40. झाल्या सव्वापाचशे. दोन चांगल्या जाड ज्वारीच्या भाकरींच्या वर. म्हणजे "उपास आहे, हलकं खाल्लं" हा आपला गैरसमज. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात प्रोटीन नावालाच. जे काही थोडंफार येतं ते दाण्यातून.

पुरणपोळीचंही तेच. आमच्याकडची मोठी पोळी धरा : कणीक, डाळ, गूळ प्रत्येकी 40 ग्रॅम आणि वर दोन चमचे तूप. पाचशेच्या पुढं गेली. ॲपमध्ये "पुरणपोळी" शोधली तर एकाच नावाखाली वेगवेगळे आकडे येतात. कुणाची पोळी, केवढी, तूप किती, ते ॲपला काय माहीत! तरी मी त्यातला एक आकडा निवडून समाधान मानायचो.

खरा घोळ पारण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. काट्यावर उभा राहिलो, दीड किलो जास्त! मी दिवसभर उपाशी राहिलो. आता हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7,700 कॅलरी. दीड किलो चरबी एका रात्रीत चढायची तर रोजच्या जेवणावर साडेअकरा हजार कॅलरी जास्त खायला हव्यात. म्हणजे बावीस पुरणपोळ्या. मी तीन खाल्ल्या होत्या. मग ते वजन कसलं? बरंचसं पाणी. पिष्ट आणि गोड जास्त खाल्लं की शरीर त्यातलं काही ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मीठही पाणी धरतं. शिवाय पोटातलं अन्न. तीन-चार दिवसांत काटा आपोआप खाली येतो.

मी उपाशी राहिलो हे माझ्या बहिणीनं बघितलं. ती तेव्हा नववीत. दिवाळीला गेलो तर तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडे : पोळी 100, भात 150, पुढं खोडलेलं. डबा अर्धा परत आणायची, आईला म्हणायची भूक नव्हती. मला ते पान बघून घाम फुटला. वाढत्या वयात असं मोजून खायचं नसतं. कुणी लपून जेवण टाळत असेल, आकड्यांनी झोप उडत असेल, तर घरी बोला, डॉक्टरकडं जा. आम्ही गेलो. आता ती बरी आहे, आणि वही मी मागून घेतली.

आता मी काय करतो? रोजच्या दिवसांत मोजतो, पुण्यात एकटा असताना. सणाला ॲप बंद. त्या दिवशी फक्त त्या दिवशीच मिळणारं खायचं. आजीची उसळ हो, पाकिटातला फराळी चिवडा नाही, तो तर बारा महिने दुकानात लटकलेला असतो. ताटात घेऊन, बसून खायचं. येता-जाता मूठ मारण्यात किती गेलं ते आपल्याला कळतच नाही.

आणि भरपाईचा उपास अजिबात नाही. समजा दोन दिवसांत 1,600 कॅलरी जास्त झाल्या. चरबीत साधारण दोनशे ग्रॅम. पुढचे दोन आठवडे संध्याकाळच्या चहासोबतची चार ग्लुकोज बिस्किटं सोडली तरी रोजच्या शंभर कमी होतात. बहुतेक हिशोब तिथंच मिटतो.

वडिलांची गोष्ट मात्र वेगळी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरू शकते, आणि साबुदाण्यानं भरकन चढते. त्यांनी उपासाआधी डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. आमचे बाबा आता सकाळी दर्शन घेतात आणि घरी येऊन भाकरी-भाजी खातात. आजीनं सुरुवातीला तोंड वाकडं केलं, आता तीच गरम भाकरी थापून देते.

यंदा काटा पुण्यातच ठेवून गेलो. आजीनं काही न विचारता वाढलं. दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा मी म्हणालो, "बास आता." ती म्हणाली, "बरं," आणि पळी बहिणीच्या ताटाकडं वळवली.

तुमच्या घरी सणाला कुठला पदार्थ ताटात आल्यावर ॲप विसरायला होतं? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.