मागाचा खड्डा आणि कोळशाची खाण

केज येथील आमच्या घरी, जुन्या लाकडी पेटीत, आजोबांचे काळे घोंगडे अद्याप जपून ठेवलेले आहे. पावसाळ्यात ते अंगावर घेतले की चिंचोक्याच्या खळीचा मंद वास येतो, आणि काठाशी, जिथे तुटलेला धागा घोंगडी विणणाऱ्या कोणा सणगराने गाठ मारून पुढे नेला असावा, तिथे बोटाला एक बारीक गुठळी लागते. असे घोंगडे खड्डामागावर विणले जाते. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर दिवसभर बसतो. म्हणूनच खाणकामगारांचे श्रम कलेतून मांडावयाचे, तर विणकराला ते परके वाटण्याचे कारण नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती ह्या कोळसाखाणींच्या गावी 1986 साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते, ज्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या खाणीत राबल्या, बडोद्यास शिल्पकला शिकले, आणि पुढे भिंतीभिंतींवर कोळशानेच खाणकामगार रेखाटू लागले. त्यांच्या कित्येक माणसांना मस्तकाच्या जागी एखादे अवजार असते. 2021 साली सहा कलावंतांना मिळून दिल्या गेलेल्या वेल्समधील आर्टेस मुंडी पुरस्काराचे ते एक मानकरी. हाच विषय वस्त्रात उतरविला तो मूळच्या नायजेरियाच्या ओटोबाँग न्कांगा ह्यांनी: त्यांच्या 2015 च्या विणलेल्या पटांवर दोन मानवाकृती दोर ओढीत आहेत, आणि त्या दोरांना नामिबियातील खाणपरिसराची छायाचित्रे जोडलेली आहेत.

चित्रकाराचा हात मात्र मागावर जसाच्या तसा उतरत नाही. ताणा उभा, बाणा आडवा. त्यामुळे वाकलेल्या पाठीची गोलाई विणताना पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि ती किती धाग्यांवर मोडावयाची हे विणकरच जाणतो. कोळशाच्या काळेपणासाठी काळ्या मेंढीच्या लोकरीला रंगवावे लागत नाही, एवढी सोय मात्र आहे. अशा वेळी विणकर हा केवळ हुकूम बजावणारा कारागीर राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आकृतीचा अर्धा निर्णय त्याचा असतो.

मला हे तळमळीने सांगावेसे वाटते, कारण आमच्या तालुक्यातून दरसाल उसाच्या फडाकडे निघणाऱ्या नवराबायकोची मुकादमाच्या वहीत गणना ‘एक कोयता’ अशी होते. उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा, आकडा तिथे पक्का लिहिलेला असतो, बाईच्या मजुरीचा रकाना मात्र निराळा नसतो. श्रमांवरचे चित्र विणून घेताना तरी असे होऊ नये. कामाआधी करारनामा व्हावा, त्यात रोजाचा दर, फसलेल्या विणीची भरपाई आणि प्रदर्शनातील नामनिर्देश ह्यांची कलमे असावीत, आणि विणकराच्या नावाखाली लोकर कातणाऱ्या बाईचेही नाव, तिच्या निराळ्या मोबदल्यासह, लिहिलेले असावे.